पोटातला गोळा आणि एकशेवीस प्रश्न

कोयनानगरच्या एका मुलीनं सीईटी देऊन आल्यावर मला सांगितलं, की तिची पहिली सात-आठ मिनिटं माउसनं खाल्ली. कायद्याच्या प्रवेशपरीक्षेची सगळी तयारी तिनं वडिलांच्या मोबाइलवर केली होती, अंगठ्यानं. सराव परीक्षाही तशाच, घराच्या ओट्यावर बसून, जिथं रेंज येते तिथं. परीक्षाकेंद्रावर समोर संगणक आला. माउस उजवीकडे ढकलला की बाण भलतीकडेच जायचा, एक पर्याय टिपायला जावं तर दुसराच टिपला जायचा. हाताला घाम आला. मग डोक्यात सुरू झालं, ‘बाकीच्यांचे दहा प्रश्न झाले असतील.’ त्यानंतर दिसणारा प्रश्न तिनं तीनदा वाचला आणि तीनही वेळा तो कळला नाही.

घरी तिला सगळे म्हणाले, ‘टेन्शन घेतलंस, म्हणून असं झालं.’ मला हे पटत नाही. घाबरली म्हणून माउस चालला नाही असं नव्हे. माउस चालला नाही, म्हणून ती घाबरली. पाटण तालुक्यातल्या मुलांबरोबर गेली काही वर्षं बसताना माझं एक मत बनलं आहे. परीक्षेच्या भीतीला आपण मनाचा कच्चेपणा समजतो आणि धीर देत बसतो. पण इथल्या मुलांच्या भीतीतला मोठा वाटा अनोळखीपणाचा असतो. न पाहिलेली परीक्षा, न वापरलेलं यंत्र, न ऐकलेले शब्द, वेळेवर न मिळालेले दाखले. हा वाटा धीर देऊन कमी होत नाही, तयारीनं होतो. तो कमी केल्यावर जी भीती उरते ती शरीराची, आणि तिच्याशी जुळवून घेता येतं. या लेखात मी दोन्हींचा हिशेब मांडतो आहे.

आधी हे सांगायला हवं, की या खोऱ्यातल्या मुलांनी कायदा शिकावा असं मला इतक्या तळमळीनं का वाटतं. कोयना धरण १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलं. राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा आला १९७६ मध्ये. म्हणजे इथली गावं पाण्याखाली गेली तेव्हा त्यांच्या हाती १८९४चा भूसंपादन कायदा होता आणि सरकारी आश्वासनं होती. लोक सोलापूर, सांगली, ठाणे, रायगडपर्यंत पांगले. बदली जमिनीचे प्रश्न पुढच्या पिढ्यांकडे आले, आणि २०१८ मध्ये याच कोयनानगरात श्रमिक मुक्ती दलाच्या आंदोलनात आजोबा, मुलगा आणि नातू एका मांडवात बसले. मधल्या काळात १९८५ मध्ये अभयारण्य झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. २२ जुलै २०२१ च्या रात्री मिरगाव, आंबेघर, ढोकावळ्यावर दरड कोसळली आणि पुनर्वसन हा शब्द पुन्हा नव्यानं ऐकू आला. सातबारा, संपादनाचा निवाडा, प्रकल्पग्रस्ताचा दाखला, भूकंपग्रस्ताचा दाखला हे शब्द इथल्या घराघरांत भाकरी-कालवणासारखे रोजचे आहेत. कागद आहेत, ते वाचून दाखवणारं माणूस मात्र कराडला, साताऱ्याला गाठावं लागतं.

आता तर अंतरही कमी झालं आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालं. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं तिथं चालतात. कोयनेचा वकील सकाळी निघून उच्च न्यायालयात उभा राहू शकेल, ही गोष्ट माझ्या पिढीला खरी वाटली नसती.

याच मुलखानं मोठे कायदेपंडित दिले. १९६४ ते १९६६ या काळात देशाचे सरन्यायाधीश असलेले प्र. बा. गजेंद्रगडकर साताऱ्यात जन्मले. देवराष्ट्र्याच्या यशवंतराव चव्हाणांनी पुण्याच्या लॉ कॉलेजातून १९४१ मध्ये एलएल.बी. केलं. त्यांच्या काळी पदवीधर झाल्यावर लॉ कॉलेजात नाव घालता येत असे, दारात चाळणी नव्हती. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी ‘क्लॅट’ २००८ मध्ये सुरू झाली आणि महाराष्ट्रातल्या विधी महाविद्यालयांसाठी राज्याची सीईटी २०१६ मध्ये. सीईटी आली तेव्हा आमच्याकडे अनेकांनी नाकं मुरडली. मला चाळणी असण्याचं वाईट वाटत नाही. चाळणी कशी आहे हे पुण्याच्या मुलाला नववीत कळतं आणि हेळवाकच्या मुलाला अर्ज भरायच्या आदल्या आठवड्यात कळतं, दुखणं तिथं आहे.

म्हणून चाळणी कशी आहे ते सांगतो. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी सीईटीत १२० मिनिटांत १२० प्रश्न. कायद्याची समज ३२, तर्क आणि विश्लेषण ३२, सामान्यज्ञान व चालू घडामोडी २४, इंग्रजी २४, गणित ८. चुकीला वजाबाकी नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची वाटणी वेगळी आहे. तिथं गणित नाही, कायदा आणि तर्क प्रत्येकी २४, सामान्यज्ञान ३२ आणि इंग्रजी तब्बल ४०. पाटणच्या कॉलेजातून मराठी किंवा इतिहास घेऊन बी.ए. झालेली मुलं समजतात की तीन वर्षांची परीक्षा सोपी, कारण ती ‘मोठ्यांची’ आहे. एक तृतीयांश पेपर इंग्रजीचा आहे हे त्यांना बऱ्याचदा पेपर उघडल्यावर समजतं. हा आकडा आधी माहीत असता, तर पदवीच्या शेवटच्या वर्षी रोज एक इंग्रजी उतारा वाचून होण्यासारखा होता.

क्लॅटचं गणित निराळं. तिथंही १२० प्रश्न आणि दोन तास, पण कागदावर, आणि प्रत्येक चुकीला पाव गुण वजा. लांबच लांब उतारे, सगळं इंग्रजीत. परीक्षा डिसेंबरात, म्हणजे बारावीच्या ऐन धामधुमीत. अर्जाचं शुल्क चार हजारांच्या घरात आणि प्रवेश मिळाला तर विद्यापीठाचा खर्च वर्षाला लाखांत. ही परीक्षा प्रादेशिक भाषांतही व्हावी म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली होती, ती मला मनापासून रास्त वाटते. गरीब आणि दूरच्या मुलांना या विद्यापीठांपर्यंत नेण्यासाठी शामनाद बशीर यांनी २०१० मध्ये ‘आयडिया’ हा उपक्रम उभा केला, त्याचा फायदा आपल्याकडच्या मुलांनी घ्यायला हवा. तरी माझा सल्ला स्पष्ट आहे. अकरावीपासून इंग्रजी वर्तमानपत्र सहज वाचता येत असेल तरच क्लॅटला बसा. नाहीतर राज्याची सीईटी एके सीईटी. पाच-पाच परीक्षांचे अर्ज भरून पाचांचीही अर्धवट तयारी करणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचा जीव अभ्यासापेक्षा तारखांनीच जास्त दमतो.

सीईटीचा पेपर इंग्रजीबरोबर मराठीतही येतो. हा मोठाच आधार, पण त्यात एक खड्डा आहे. मुलं शिकतात यूट्यूबवरच्या हिंदी-इंग्रजी व्हिडिओंतून आणि पडद्यावर त्यांना भेटतात ‘अपकृत्य’, ‘प्रतिफल’, ‘विबंध’, ‘हयगय’. कॉन्ट्रॅक्टमधलं कन्सिडरेशन ज्याला व्यवस्थित कळलं आहे, तो ‘प्रतिफल’ पाहून थबकतो. एका साध्या वहीत दोन रकाने आखावेत, डावीकडे मराठी शब्द आणि उजवीकडे देवनागरीतच त्याचं इंग्रजी नाव. शे-सव्वाशे शब्दांत काम भागतं. आणखी एक, जुनी गाइडं वापरताना जपा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाचं ३०२ आता १०३ झालं आणि ४२०ची फसवणूक ३१८ मध्ये गेली. चुलत भावाचं पाच वर्षांपूर्वीचं पुस्तक प्रेमानं दिलेलं असतं, पण त्यातला निम्मा फौजदारी भाग आता चुकीची उत्तरं शिकवतो.

कायद्याच्या समजेचा प्रश्न असतो तरी कसा, हे जवळून पाहू. त्यासाठी मी मुलांना इथलंच पाणी देतो. १८६८ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं ‘रायलंड्स विरुद्ध फ्लेचर’ हा निकाल दिला. रायलंड्सनं आपल्या गिरणीसाठी जलाशय बांधून घेतला. ते पाणी जमिनीखालच्या जुन्या, बंद खाणीतून वाट काढत शेजारच्या फ्लेचरच्या कोळशाच्या खाणीत शिरलं. रायलंड्सचा निष्काळजीपणा नव्हता, तरी तो जबाबदार ठरला. जे सुटलं तर दुसऱ्याचं नुकसान होईल असं काही स्वतःच्या जमिनीत साठवलंत, तर ते सुटू न देण्याची जबाबदारी तुमची. याला कठोर दायित्व म्हणतात. धरणाच्या सावलीत वाढलेल्या मुलाला हे एकदा सांगितलं की पुरतं.

मग मी प्रश्न घालतो. तत्त्व : आपल्या जमिनीत धोकादायक वस्तू साठवणारा माणूस ती सुटून झालेल्या नुकसानीस जबाबदार असतो, मात्र ज्याची अपेक्षाच करता येत नाही अशा असाधारण नैसर्गिक घटनेमुळे ती सुटली असेल तर नसतो. घटना : अनं शेतात मोठं तळं बांधलं. भूकंपाचा असाधारण, त्या भागात पूर्वी कधीच न जाणवलेला धक्का बसला, बांध फुटला आणि बचं भात वाहून गेलं. अ जबाबदार आहे का?

कोयनेच्या मुलांतली निम्मी म्हणतात, ‘आहे.’ का? तर, ‘सर, धक्के तर येतातच. बांध बांधतानाच विचार करायला हवा होता.’ उत्तर चुकलं. पण किती शहाणपणानं चुकलं! ही मुलं उद्या न्यायालयात नेमका हाच युक्तिवाद करतील आणि जिंकतील, कारण कोयनेत भूकंपाला अनपेक्षित म्हणणं कठीण आहे. परीक्षेत मात्र घटनेत लिहिलं आहे तेवढंच खरं. घटना म्हणते धक्का असाधारण होता, कधीच न जाणवलेला होता. म्हणजे अ सुटला. आपलं बाहेरचं ज्ञान दाराशी काढून ठेवायचं आणि दिलेल्या तत्त्वाला दिलेली घटना लावायची, एवढीच ही कला आहे. मी मुलांना सांगतो, की तुझं उत्तर वकिलाचं आहे, पण आज परीक्षार्थीचं दे. हे ऐकून त्यांचा चेहरा खुलतो. आपण ‘ढ’ म्हणून चुकलो नाही हे कळणं, हा भीतीवरचा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला उतारा आहे.

अभ्यासाच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे गट केले. काहींनी उतारा पुन्हापुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानं आठवून लिहिणारे. आमच्याकडे अभ्यास म्हणजे मोठ्यानं वाचणं. वाचून आपल्याला येतं असं वाटतं आणि पेपरात हात रिकामा राहतो. ती रिकामी घटका भीती पेरते. मागच्या वर्षांचे प्रश्न वेळ लावून सोडवणं, चुका वेगळ्या वहीत काढणं आणि आठ दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा घेणं, याला महागडा क्लास लागत नाही. क्लास वाईट नसतात. पण दोन महिन्यांसाठी पुण्यात खोली घेऊन राहणारं मूल बऱ्याचदा अभ्यासाबरोबर एकटेपणही विकत घेतं.

आता उरलेली भीती, ती शरीराची. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेत साडेसहा रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. योगायोग असा, की त्याच वर्षी लीबर्ट आणि मॉरिस या संशोधकांनी परीक्षेच्या भीतीचे दोन भाग वेगळे करून दाखवले. एक शरीराची खळबळ : धडधड, घाम, पोटातला गोळा. दुसरी काळजी : ‘नापास झालो तर, बाबा काय म्हणतील, बाकीचे पुढे गेले.’ पुढच्या अनेक अभ्यासांत दिसलं, की गुण खाते ती मुख्यतः काळजी. धडधड बिचारी त्या मानानं निरुपद्रवी. काळजी डोक्यातली तीच जागा अडवते जिथं प्रश्न सोडवायचा असतो. माउसशी झगडणाऱ्या त्या मुलीनं प्रश्न तीनदा वाचला आणि कळला नाही, तो याच कारणानं.

आमच्याकडचे म्हातारे छोट्या धक्क्याला उठतही नाहीत. भांडी वाजली, थांबली, कूस बदलली. ते शूर आहेत म्हणून नव्हे, धक्का ओळखीचा आहे म्हणून. छातीतली धडधडही अशीच ओळखीची करावी लागते. ती थांबवण्याची खटपट केली की वाढते. ‘आली, येणारच होती, अंग कामाला लागलं’ असं स्वतःला म्हणता आलं पाहिजे. त्यासोबत श्वास घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ द्यावा, असं पाच-सहा वेळा. पण हे परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करून उपयोग नाही. प्रत्येक सराव परीक्षेच्या आधी केलं, तरच हाताशी येतं.

या विषयात चमत्काराचे दावेही पुष्कळ. शिकागो विद्यापीठातल्या रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये सांगितलं, की परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली काळजी कागदावर उतरवली तर घाबरणाऱ्या मुलांचे गुण वाढतात. जगभर बातम्या झाल्या. २०१८ मध्ये इतरांनी तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. मी मुलांना लिहायला सांगतो, कारण कागदावर आलेली काळजी निदान मोजता येते, तिच्यात पुष्कळदा ‘नॉन-क्रीमी लेअर अजून आलं नाही’ असं साधं, सोडवता येणारं काहीतरी निघतं. गुण वाढतील असं वचन देत नाही. झोपेबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. आदल्या रात्री जागून वाचलेली चार पानं, झोप मोडल्यामुळे हातची दहा पानं घेऊन जातात.

आईवडिलांशी बोलायला मला सगळ्यात अवघड जातं. ‘तुझ्यासाठी एवढं केलं’ हे वाक्य ते मायेनं म्हणतात. मुलाच्या कानात ते कर्जाच्या हप्त्यासारखं पडतं. परीक्षेच्या दिवशी पोटभर ओळखीचं जेवण, पाण्याची बाटली आणि ‘संध्याकाळी घरी ये’ एवढंच पुरे. आणि मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवण सुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर ती परीक्षेची भीती समजून अंगारा-धुपाऱ्यावर किंवा दमदाटीवर नेऊ नका. १४४१६ हा टेलिमानसचा फुकटचा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरकडे न्या. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपलं जीवन संपवलं आणि त्यांत सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रातले होते. सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ ला मानसिक आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगून निर्देश दिले : शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, गुणांवरून तुकड्या पाडून मुलांना हिणवू नये. कायदा शिकू पाहणाऱ्या मुलांनी हा निकाल आपल्याच शाळेच्या कार्यालयात नेऊन दाखवावा. त्यांचं पहिलं काम तेच.

राहता राहिले दाखले. परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते आणि प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळ्यात. इथं वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, वीज जाते, रेंज जाते, घाट बंद होतो, आणि पोर्टलची मुदत मात्र मुंबईच्या घड्याळावर संपते. जातवैधता, अधिवास, उत्पन्न, नॉन-क्रीमी लेअर ही सगळी कागदपत्रं उन्हाळ्यातच हातात असायला हवीत. मुलींनी तर उत्पन्नाचा दाखला विसरूच नये. आठ लाखांहून कमी उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क राज्यानं २०२४ मध्ये पूर्ण माफ केलं आहे. हे माहीत नसल्यामुळे लॉचा विचारच सोडलेलं एक घर मला ठाऊक आहे. केंद्र कराडला आलं किंवा साताऱ्याला आलं, आठ दिवस आधी एकदा एस.टी.नं जाऊन इमारत पाहून यावी. गाडी किती वाजता, फाटक कोणतं, पाणी कुठे. या फेरीला जेमतेम दोनशे-तीनशे रुपये लागतात आणि एक दिवस जातो.

ती माउसवाली मुलगी दुसऱ्या वर्षी पुन्हा बसली. अभ्यास फारसा वाढवला नाही. ओळखीच्या एका दुकानदाराच्या संगणकावर दुपारी गिऱ्हाईक नसताना दोन आठवडे रोज अर्धा तास बसली, माउसनं पर्याय टिपत. आता साताऱ्यात शिकते आहे. तिला दुकानदार भेटला. पण इथल्या बहुतेक माध्यमिक शाळांत संगणकांची एक खोली आहे आणि रविवारी तिला कुलूप असतं. मार्च-एप्रिलमधले सहा रविवार, सकाळी दहा ते बारा, दहा संगणक आणि घड्याळ लावायला एक शिक्षक. पाटणपासून कोयनानगरापर्यंतच्या प्रत्येक मुख्याध्यापकांकडे ही किल्ली मागायला मी या जानेवारीत जाणार आहे.